‘ऐवजी’ आणि ‘सोबत’: दोन पॅथींच्या चिकित्सकांनी मिळून रुग्णांना शिकवायचे तर

आपला प्रश्न मला जसा समजला तसा आधी मांडते. उच्च रक्तदाब आणि मधुमेह यांचे निदान नव्याने झालेल्या रुग्णांसाठी आपण आरोग्यशिक्षणाचा कार्यक्रम चालवता आणि त्यात आधुनिक वैद्यकाचे एक डॉक्टर व पारंपरिक वैद्यकाचे एक चिकित्सक यांना आपण एकत्र आणले आहे. पहिल्या सत्रात डॉक्टर म्हणाले, “बाकी जे काही घेत असाल ते घ्या, त्याने काही बिघडत नाही.” दुसऱ्या सत्रात चिकित्सक म्हणाले, “गोळ्या हळूहळू सुटल्या पाहिजेत, हेच आपले उद्दिष्ट.” पंधरा दिवसांनी एका रुग्णाने गोळ्या स्वतःच बंद केल्याचे आपल्या कानावर आले. आता आपण विचारता आहात की असे सहकार्य मुळात जमते का, की दोघांना वेगवेगळे ठेवणेच शहाणपणाचे आहे.

मी आधुनिक वैद्यकाची डॉक्टर आहे आणि गेली १८ वर्षे पारंपरिक व पूरक पद्धतींच्या सहकाऱ्यांबरोबर रुग्णशिक्षणाचे काम करते आहे. सहकार्य जमते असे माझे मत आहे आणि ते कसे जमते हे पुढे सांगते. पण त्याआधी एक काम आजच करा. ज्या रुग्णाने गोळ्या बंद केल्या आहेत त्याच्याशी बोला आणि त्याची भेट त्याच्या डॉक्टरांशी घालून द्या. रक्तदाबाची काही औषधे एकाएकी थांबवली तर नुसता रक्तदाब वाढून भागत नाही. क्लोनिडीन अचानक बंद केल्यास रक्तदाब उसळी मारून पूर्वीपेक्षाही वर जाऊ शकतो आणि बीटा-ब्लॉकर गटातील गोळ्या अचानक थांबवल्यास हृदयविकार असलेल्या माणसाला छातीत दुखण्याचा, क्वचित हृदयविकाराच्या झटक्याचाही धोका असतो. त्याला बोल लावू नका. त्याने दोन जाणकारांचे ऐकले आणि त्यातले जे त्याला हवेसे वाटले ते केले. आपल्यापैकी बहुतेकांनी तेच केले असते.

आता मूळ प्रश्न. आपल्या लिहिण्यात असा सूर आहे की दोन पॅथींचे तत्त्वज्ञान जुळत नाही म्हणून गोंधळ झाला. मला तसे वाटत नाही. तत्त्वज्ञान जुळणारच नाही आणि ते जुळवण्याची गरजही नाही. गोंधळ झाला तो ‘गोळ्यांचे काय करायचे’ या एकाच प्रश्नाचे उत्तर सत्रापूर्वी दोघांनी मिळून ठरवले नव्हते म्हणून. शिवाय दोघांचीही वाक्ये चुकीची होती. चिकित्सकांचे वाक्य आपल्याला खटकले, कारण त्याचा परिणाम लगेच दिसला. डॉक्टरांचे वाक्य मात्र मला तितकेच धोक्याचे वाटते. ‘बाकी काहीही घ्या’ असे म्हणण्याचा अर्थ रुग्ण असा घेतो की बाकीच्या गोष्टींशी डॉक्टरांना कर्तव्य नाही, आणि मग पुढे काही घेतले तरी तो ते सांगत नाही. वरवर उदार वाटणारी ही बेफिकिरीच आहे.

न सांगण्याची ही सवय किती खोल असते याचा अंदाज बराच जुना आहे. अमेरिकेत १९९० साली १,५३९ प्रौढांच्या दूरध्वनीवरून मुलाखती घेतल्या गेल्या आणि १९९३ मध्ये त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सुमारे एक तृतीयांश लोकांनी वर्षभरात प्रचलित वैद्यकाबाहेरची कोणती ना कोणती उपचारपद्धती वापरली होती आणि त्यांतल्या ७२ टक्के लोकांनी आपल्या डॉक्टरांना ते सांगितले नव्हते. आकडे देशागणिक बदलतात, पण हे मौन मला कामात रोज भेटते. रुग्ण खोटे बोलत नाही. त्याला कोणी विचारलेले नसते, किंवा एकदा विचारले तेव्हा त्याने सांगितल्यावर समोरच्याच्या कपाळावर आठ्या आलेल्या असतात.

माझ्या सत्रांत मी ‘ऐवजी’ आणि ‘सोबत’ या दोन शब्दांवर सगळ्यात जास्त वेळ देते. पर्यायी म्हणजे ऐवजी आणि पूरक म्हणजे सोबत, असा हा भेद शास्त्रीय परिभाषेतही केला जातो. रुग्णाला परिभाषेशी देणेघेणे नसते, पण हे दोन शब्द त्याला नेमके कळतात. दोन्हींतले धोके वेगळे आहेत. ‘ऐवजी’मधला धोका असा की ज्या उपचाराचा उपयोग सिद्ध झाला आहे तोच सुटतो. येल विद्यापीठातील संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात स्तन, पुरःस्थ ग्रंथी (प्रोस्टेट), फुप्फुस आणि मोठे आतडे यांच्या, शरीरात इतरत्र न पसरलेल्या कर्करोगाचे असे २८१ रुग्ण होते ज्यांनी केवळ पर्यायी उपचार निवडले होते. प्रचलित उपचार घेणाऱ्यांच्या तुलनेत त्यांच्यातील मृत्यूचा धोका अडीच पट निघाला.

त्याच वर्षी त्याच गटाने दुसरा अभ्यास प्रसिद्ध केला आणि मला तो अधिक महत्त्वाचा वाटतो. त्यातले रुग्ण पूरक उपचार प्रचलित उपचारांच्या सोबत घेत होते, तरीही त्यांच्यातील मृत्यूचा धोका सुमारे दुप्पट आढळला. कारण शोधल्यावर दिसले की या रुग्णांनी शस्त्रक्रिया, केमोथेरपी, किरणोपचार किंवा संप्रेरक-उपचार यांपैकी काही नाकारण्याचे प्रमाण जास्त होते. हा नकार आणि उपचारांतली दिरंगाई हिशेबात धरल्यावर फरक उरला नाही. म्हणजे ‘सोबत’ म्हणून सुरू झालेली गोष्ट पुष्कळांच्या बाबतीत गुपचूप ‘ऐवजी’ झाली होती. आपल्या रुग्णाचे नेमके हेच झाले आहे. म्हणून प्रत्येक संयुक्त सत्रात ‘तुम्ही हे कशाच्या ऐवजी घेत आहात का?’ हा प्रश्न मोठ्याने विचारला गेला पाहिजे, आणि तो शक्यतो पारंपरिक चिकित्सकांनी विचारावा. डॉक्टरांनी विचारला तर तो उलटतपासणीसारखा वाटतो. चिकित्सकांनी विचारला तर रुग्ण मोकळेपणाने उत्तर देतो, असा माझा अनुभव आहे.

‘सोबत’चा धोका निराळा आहे: दोन्ही औषधे शरीरात एकमेकांना भेटतात. नैराश्यासाठी वापरली जाणारी सेंट जॉन्स वर्ट ही वनस्पती यकृतातील काही विकरांचे (एन्झाइमांचे) काम वाढवते, त्यामुळे इतर अनेक औषधे शरीरातून लवकर बाहेर पडतात. हृदय-प्रत्यारोपण झालेल्या दोन रुग्णांमध्ये तिच्यामुळे सायक्लोस्पोरिन या, शरीराने नवा अवयव नाकारू नये म्हणून दिल्या जाणाऱ्या औषधाची रक्तातील पातळी घसरली आणि शरीर नवे हृदय नाकारू लागले, हे २००० साली नोंदवले गेले. गर्भनिरोधक गोळ्या आणि रक्त पातळ करणारे वॉर्फरिन यांचा परिणामही तिच्यामुळे कमी होऊ शकतो. हे फक्त वनस्पतींचेच नाही. केसांसाठी घेतल्या जाणाऱ्या बायोटिन या जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेमुळे काही रक्तचाचण्यांचे निकाल चुकतात. हृदयविकाराच्या निदानासाठी केली जाणारी ट्रोपोनिनची चाचणी प्रत्यक्षापेक्षा कमी आकडा दाखवू शकते, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये दिला होता. रुग्णाच्या लेखी मात्र बायोटिन हे ‘औषध’ नसतेच, त्यामुळे ‘कोणती औषधे घेता?’ या प्रश्नाच्या उत्तरात ते येत नाही. आम्ही म्हणून ‘औषध’ हा शब्द सोडून ‘तोंडातून, त्वचेवर किंवा सुईने शरीरात जाणारे सगळे काही’ असे विचारतो.

सहकार्याचा खरा उपयोग मला ज्या प्रसंगातून कळला तो थोडा विस्ताराने सांगते. उच्च रक्तदाबाचे एक गृहस्थ माझ्याकडे होते. तीन औषधांनंतरही रक्तदाब खाली येईना. पाय गळून गेल्यासारखे वाटतात, अशी त्यांची तक्रार होती. तपासणीत पोटॅशियम २.९ निघाले, ते साधारणतः ३.५ ते ५ या दरम्यान असावे लागते. त्यांच्या औषधांत लघवी वाढवणारी गोळी होती आणि अशा गोळीने पोटॅशियम घटते, त्यामुळे मी ती बदलली. तरी फरक पडेना. शेवटी मी त्यांना घरातील सगळे घेऊन या म्हटले. त्यांनी आणलेल्या पिशवीत एका चूर्णाच्या पुडीवर घटकांची संक्षिप्त नावे लिहिली होती. मी ती वाचली आणि बाजूला ठेवली, कारण मला त्यांतून काहीच बोध झाला नाही. माझे एक वैद्य सहकारी त्याच दिवशी एका सत्रासाठी आले होते. त्यांनी पुडी पाहिली आणि म्हणाले, “यात यष्टिमधु मुख्य आहे, आणि हे कधीपासून चालू आहे?” चालू होते आठ महिन्यांपासून.

यष्टिमधु म्हणजे ज्येष्ठमध, आणि औषधशास्त्राच्या पुस्तकात मी ज्याला लिकोरिस म्हणून शिकले तीच ही वनस्पती. तिच्यातील ग्लिसिरायझिन मूत्रपिंडातील एका विकराला अडवते. त्यामुळे कॉर्टिसॉल हे संप्रेरक तिथे अल्डोस्टेरॉन या दुसऱ्या संप्रेरकासारखे वागू लागते, शरीर मीठ आणि पाणी धरून ठेवते, पोटॅशियम बाहेर टाकते आणि रक्तदाब चढतो. परीक्षेत मी हे लिहिलेले होते. डोळ्यांसमोरच्या पुडीवरचे नाव मात्र मला ओळखता आले नव्हते. दुसरीकडे, वैद्यांना वनस्पती लगेच ओळखू आली, पण रुग्ण लघवी वाढवणारी गोळी घेत होता आणि त्याचे पोटॅशियम २.९ आहे हे त्यांना माझ्याकडूनच कळणार होते. त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली जी मला कधीच सुचली नसती: हे चूर्ण थोड्या दिवसांसाठी दिलेले असणार, कोणत्याही औषधाला मात्रेसारखाच काळही ठरलेला असतो, आणि रुग्णाने बरे वाटले म्हणून ते पुढे चालू ठेवले असणार. नेमके तसेच होते. चूर्ण बंद झाले आणि काही आठवड्यांत पोटॅशियम व रक्तदाब दोन्ही ताब्यात आले.

या प्रसंगात कोणाचेही तत्त्वज्ञान खरे किंवा खोटे ठरले नाही. एकाच वस्तूची दोन नावे होती आणि दोन नावे जाणणारी माणसे योगायोगाने एका खोलीत होती. योगायोगावर विसंबू नये म्हणून पुढे आम्ही संयुक्त शिक्षणाचा आराखडा बदलला. नावांच्या घोटाळ्याचे सगळ्यात दुःखद उदाहरण बेल्जियममधले आहे. तिथे वजन कमी करण्याच्या उपचारात वापरायची एक चिनी वनस्पती आणि मूत्रपिंडाला घातक असलेली ॲरिस्टोलोकिया या दोन्हींच्या चिनी नावांत ‘फांग-जी’ हा शब्द समान होता. अदलाबदल झाली आणि अनेक तरुण स्त्रियांची मूत्रपिंडे कायमची निकामी झाली. १९९३ मध्ये हे उजेडात आले, आणि पुढे बाधितांची संख्या शंभरावर गेली. म्हणून सत्रात रुग्णाला पहिली शिकवण ही द्यावी: पुडी, बाटली, डबी फेकू नका, त्यावरचे नाव जपा आणि ती दोघांनाही दाखवा.

आता जे परिस्थितीवर अवलंबून आहे ते सांगायला हवे. पहिली गोष्ट म्हणजे आजार. गुडघ्याच्या जुन्या दुखण्याविषयीचे संयुक्त सत्र आणि पहिल्या प्रकारच्या मधुमेहाविषयीचे संयुक्त सत्र यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्या प्रकारच्या मधुमेहात इन्सुलिन काही दिवस जरी थांबले तरी रक्तात आम्ल साचून जीव जाऊ शकतो, म्हणून तिथे चर्चेला वाव जवळपास नाहीच. इन्सुलिन, अपस्माराच्या गोळ्या, दीर्घकाळ चाललेले स्टेरॉइड, रक्त पातळ करणारी औषधे आणि वर सांगितलेली रक्तदाबाची औषधे ही ‘एका रात्रीत कधीच थांबवायची नाहीत’ अशी यादी आम्ही प्रत्येक सत्रात दोघांच्या तोंडून वाचून घेतो.

दुसरी गोष्ट म्हणजे समोरच्या चिकित्सकांचे प्रशिक्षण आणि नोंदणी. आपल्याकडे येणाऱ्या व्यक्तीने काय शिकले आहे, किती काळ शिकले आहे आणि कायद्याने तिला काय करण्याची मुभा आहे, हे आपण विचारले आहे का? विचारण्यात अपमान नाही. डॉक्टरांनाही हेच विचारावे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये आयुर्वेद, युनानी, निसर्गोपचार, पारंपरिक चिनी वैद्यक, ऑस्टिओपॅथी अशा पद्धतींच्या प्रशिक्षणाचे किमान निकष प्रसिद्ध केले आहेत; ते हाताशी असले की हा संवाद व्यक्तिगत न राहता कागदावर होतो. १९७८ च्या आल्मा-आता या आंतरराष्ट्रीय जाहीरनाम्यातही प्राथमिक आरोग्यसेवेच्या चमूत पारंपरिक चिकित्सकांना स्थान दिले आहे, पण ते गरजेनुसार आणि योग्य प्रशिक्षणासह. हे दोन्ही शब्द उद्धृत करताना बहुतेक जण गाळतात.

तिसरी गोष्ट म्हणजे पुरावा, आणि इथे मला स्पष्ट बोलले पाहिजे. सहकार्य म्हणजे सगळ्या पद्धतींना सारखाच पुरावा आहे असे भासवणे नव्हे. ॲक्युपंक्चरविषयी २०१८ साली ३९ चाचण्यांतील सुमारे २०,८०० रुग्णांची माहिती एकत्र करून पाहण्यात आली. जुनाट वेदनेत त्याचा उपयोग दिसला, मात्र खोट्या, म्हणजे नुसता उपचाराचा आभास देणाऱ्या ॲक्युपंक्चरच्या तुलनेत तो फरक बराच लहान होता. होमिओपॅथीविषयी ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य संशोधन परिषदेने २०१५ मध्ये जो निष्कर्ष काढला तो असा की ती गुणकारी असल्याचा विश्वासार्ह पुरावा कोणत्याही आजाराबाबत आढळला नाही. माझे काही जवळचे सहकारी होमिओपॅथ आहेत आणि हे वाक्य मी त्यांच्यासमोर बोलते. ते त्याच्याशी सहमत नाहीत. तरीही ‘ताप, छातीत दुखणे, वजन घटणे ही लक्षणे दिसली तर थांबू नका, तपासणी करा’ हे वाक्य ते माझ्यापेक्षा परिणामकारकपणे सांगतात, कारण त्यांचे रुग्ण त्यांचे ऐकतात. रुग्णशिक्षणापुरते मला तेवढे पुरते.

पुराव्याची कसोटी आपल्याही घराला लावली की बोलणे सोपे होते. गुडघ्याच्या झिजेसाठी दुर्बिणीतून सांधा धुऊन काढण्याची शस्त्रक्रिया आधुनिक वैद्यकात सर्रास होत असे. २००२ मध्ये १८० रुग्णांवरील चाचणीत काहींना नुसता त्वचेवर छेद देऊन शस्त्रक्रियेचा आभास निर्माण केला गेला, आणि दोन्ही गटांत वेदना सारखीच राहिली. मी हे उदाहरण पारंपरिक सहकाऱ्यांसमोर मुद्दाम देते. त्यानंतर ‘तुम्ही आमच्याकडेच पुरावा मागता’ ही तक्रार उरत नाही आणि चर्चा ‘कशाला पुरावा म्हणायचे’ या कामाच्या प्रश्नावर येते.

अर्थात ही चर्चा रुग्णांसमोर करू नये. माझ्या पहिल्या वर्षी मी ती चूक केली. मी सत्राची सुरुवात व्याख्यांनी केली आणि पाच मिनिटांत वाद पेटला. कोणीतरी आर्टेमिसिनिनचे नाव काढले. चिनी शास्त्रज्ञ थू योयो यांनी चौथ्या शतकातील चिनी ग्रंथातून सुगावा घेऊन हिवतापावरचे हे औषध शोधले आणि २०१५ मध्ये त्यांना नोबेल मिळाले, ही गोष्ट तेव्हापासून मी अनेक वादांत ऐकली आहे. पारंपरिक बाजू म्हणते, पाहा, ज्ञान आमच्या ग्रंथात होते. आधुनिक बाजू म्हणते, पाहा, अर्क काढण्याची रीत बदलून आणि चाचण्या करूनच ते औषध झाले. दोन्ही म्हणणी खरी आहेत, आणि समोर बसलेल्या रुग्णाला त्यांतून रात्रीची गोळी घ्यावी की नाही हे कळत नाही. तेव्हापासून आम्ही वाद बंद खोलीत, सत्राच्या आदल्या आठवड्यात करतो.

त्या बंद खोलीतील बैठकीची रीत सांगते, कारण आपल्याला तीच सगळ्यात उपयोगी पडेल. बैठकीत सिद्धांतावर बोलायचे नाही. एका रुग्णाची कागदपत्रे समोर ठेवायची, नाव झाकून. दोघांनी आपापल्या पद्धतीने विचार करून सांगायचे की या माणसाला पुढील तीन महिन्यांत काय होऊ शकते, कशाने तो बिघडू शकतो आणि कधी त्याला दुसऱ्याकडे पाठवायला हवे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१० च्या आराखड्यात आंतरव्यावसायिक शिक्षणाचा जो अर्थ दिला आहे, म्हणजे एकमेकांविषयी, एकमेकांकडून आणि एकमेकांसोबत शिकणे, तो या तासाभरात आपोआप घडतो. मग दोघांनी मिळून काही वाक्ये लिहायची, तीही अक्षरशः, शब्दन् शब्द, जशी रुग्णांपुढे उच्चारली जाणार आहेत तशी. ‘गोळी कमी करायची की नाही हे जिने ती लिहून दिली ती व्यक्ती मोजमाप पाहून ठरवते, इतर कोणी नाही’ हे आमच्याकडील पहिले वाक्य आहे. त्याचे दुसरे टोकही लिहिलेले आहे: ‘चूर्ण, काढा किंवा सुया यांविषयीचा प्रश्न मी त्या चिकित्सकांना विचारल्याशिवाय उत्तर देणार नाही’, हे डॉक्टरांचे वाक्य. हे दुसरे वाक्य नसेल तर पहिले टिकत नाही. एकालाच कुंपण घातले की त्याला तो सहकार न वाटता पहारा वाटतो.

गोळ्या कमी होऊच नयेत असे माझे म्हणणे नाही. वजन उतरले, हालचाल वाढली, झोप सुधारली तर दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात आणि रक्तदाबात औषधांची मात्रा खरोखरच कमी करावी लागते. न केल्यास साखर किंवा रक्तदाब जास्त खाली जातो. म्हणजे आपल्या चिकित्सकांच्या मनातील इच्छा चुकीची नव्हती. ‘कोणी, कशाच्या आधारे आणि कोणत्या वेगाने’ हे त्या वाक्यात नव्हते. ‘मोजमाप सुधारले तर डॉक्टर मात्रा कमी करतील, आणि ते सुधारावे म्हणून आपण इथे प्रयत्न करू’ असे ते वाक्य झाले असते तर डॉक्टरांनीही त्यावर सही केली असती.

सत्रात दोघांनी शेजारी बसावे, एकामागून एक येऊन जाऊ नये. डॉक्टर आपले वीस मिनिटे बोलून निघून गेले की उरलेला वेळ हा दुय्यम आहे असा संदेश श्रोत्यांना जातो, आणि चिकित्सकांच्या मनात अढी बसते ती वेगळीच. मानधन, वेळ आणि परिचयाचे शब्द दोघांना सारखे असावेत. बारीक वाटणाऱ्या या गोष्टींवरच माझ्या पाहण्यातले निम्मे उपक्रम फसले. सत्राच्या शेवटी आम्ही ‘समजले का?’ असे विचारत नाही, कारण सगळे माना डोलावतात. ‘घरी गेल्यावर तुम्ही घरच्यांना काय सांगाल, ते तुमच्या शब्दांत सांगा’ असे विचारतो. आपल्या दुसऱ्या सत्रानंतर हा प्रश्न विचारला गेला असता तर त्या रुग्णाने तिथेच म्हटले असते, ‘गोळ्या सोडायच्या आहेत’, आणि चूक त्याच खोलीत दुरुस्त झाली असती.

काही ठिकाणी मात्र मी सहकार्य थांबवते. जो चिकित्सक सत्रातच आपली उत्पादने विकतो, मग तो कोणत्याही पॅथीचा असो, त्याला मी पुन्हा बोलावत नाही. जो आजार मुळापासून बरा करण्याची हमी देतो किंवा लसीकरणापासून लोकांना परावृत्त करतो त्यालाही नाही. रुग्णाने काढ्याविषयी विचारल्यावर जो हसतो तो डॉक्टरही मला त्या मंचावर नको असतो. त्याच्या एका हसण्याने पुढच्या वर्षभराची मौने तयार होतात. आणि घटक न लिहिलेल्या पुड्यांविषयी तडजोड नाही. सिंगापूरमध्ये २००८ च्या पहिल्या पाच महिन्यांत मधुमेह नसलेले १५० लोक रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत घसरल्याने रुग्णालयात आले आणि चार दगावले. लैंगिक शक्तीसाठी बेकायदा विकल्या जाणाऱ्या औषधांत ग्लिबेनक्लामाइड ही मधुमेहाची आधुनिक गोळी मिसळलेली होती. अशा भेसळीपासून रुग्णाला वाचवण्यात प्रामाणिक पारंपरिक चिकित्सकाचे हितही माझ्याइतकेच असते, आणि या मुद्द्यावर दोघांची एकजूट सगळ्यात लवकर होते.

उपक्रम चालतो आहे की नाही हे कशावरून ओळखावे, असेही आपण जाता जाता विचारले आहे. श्रोत्यांच्या समाधानाचे अर्ज मी फारसे गंभीरपणे घेत नाही. किती रुग्ण सगळ्या गोष्टींची लेखी यादी दोघांनाही दाखवतात, किती जणांनी सल्ल्याविना औषध थांबवले आणि एका चिकित्सकाकडून दुसऱ्याकडे किती चिठ्ठ्या गेल्या हे मोजा. चिठ्ठ्या दोन्ही दिशांनी जायला हव्यात. आमच्याकडे पहिले वर्षभर त्या फक्त माझ्याकडे येत होत्या, तेव्हा मी समाधानी होते. वैद्यांनी लक्षात आणून दिले की मी त्यांच्याकडे एकही पाठवलेली नाही.

आपल्या पुढच्या पावलाविषयी एवढेच सुचवते. दोघांना बोलावून त्यांची ती दोन वाक्ये फळ्यावर जशीच्या तशी लिहा, कोणाचे कोणते हे न सांगता, आणि प्रत्येकाला दुसऱ्याचे वाक्य दुरुस्त करायला सांगा. त्या रुग्णाची संमती असेल तर त्याने काय ऐकले होते हे त्याच्याच शब्दांत वाचून दाखवा. दुरुस्त झालेली वाक्ये एका कागदावर घेऊन त्यावर दोघांच्या सह्या घ्या. सही करायला एकाने जरी नकार दिला तरी त्याचे कारण शांतपणे ऐका, कारण बहुधा तिथेच खरी अडचण लपलेली असते. तिसऱ्या सत्राची तारीख त्यानंतरच ठरवा.